नवीन बँडसॉची मांडणी आणि पाते सरळ चालविण्याची रीत

सातारा व सांगली जिल्ह्यांतील बऱ्याच शेतकरी बंधूंच्या बांधावर आज बाभूळ, निलगिरी, सुबाभूळ, साग अशी तोडीस आलेली झाडे उभी आहेत. कुळवाचे दिंड, पाभर, जू, औजारांचे दांडे, गोठ्याचे वासे, दारांच्या चौकटी आणि महाबळेश्वर, जावळी, पाटण या भागांत मधपेट्या यांसाठी हे लाकूड उपयोगी पडते. ओंडका वखारीत नेणे, तेथे पाळी येण्याची वाट पाहणे आणि चिरलेला माल परत आणणे यात वेळ व भाडे दोन्ही खर्ची पडतात. म्हणून काही शेतकरी गट व गावातील सुतार मिळून लहान बँडसॉ, म्हणजे दोन चाकांवर फिरणाऱ्या अखंड पट्टीची करवत, घेऊ लागले आहेत. यंत्र चांगले आहे. परंतु नवीन यंत्र आणले, बटण दाबले आणि फळी सरळ निघाली असे क्वचितच घडते. फळी एका बाजूला जाड व दुसऱ्या बाजूला पातळ निघते, पाते चाकावरून उतरते, नाही तर आठ दिवसांत तुटते. मग यंत्रच खराब आहे असा समज होतो. प्रत्यक्षात दोष बहुतेक वेळा मांडणीत असतो आणि तो एका दिवसात, साध्या साधनांनी दूर करता येतो. त्यासाठी कामाचा क्रम मात्र चुकू देऊ नये.

ज्यांनी विहिरीवर मोटार व पंप यांचे कपलिंग पट्टी लावून एका रेषेत आणले आहे, किंवा इंजिनावर मळणी यंत्र चालविताना पट्टा का उतरतो याचा शोध घेतला आहे, त्यांना हे काम अवघड नाही. तत्त्व तेच आहे.

यंत्र घेण्यापूर्वी

पहिली गोष्ट परवान्याची. लाकूड चिरण्याच्या यंत्रांवर वन खात्याचे नियंत्रण आहे आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ पासूनच्या आदेशांनंतर ते अधिक कडक झाले आहे. आपण घेणार असलेले यंत्र, त्याचा आकार आणि आपला वापर यांना परवाना लागतो किंवा कसे, हे पैसे भरण्यापूर्वी वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात लेखी विचारून घ्यावे. साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, हिरडा, ऐन, किंजळ, खैर ही झाडे १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत येतात. ती स्वतःच्या शेतातील असली तरी परवानगीशिवाय तोडू नयेत. दुसरी गोष्ट विजेची. शेतीपंपाची जोडणी पंपासाठी असते, तिच्यावर करवत चालविणे नियमात बसत नाही. वेगळी जोडणी घ्यावी. कमी दाबावर मोटार तापते आणि पात्याचा वेग पडून काप वाकडा जातो, हा आणखी एक तोटा आहेच.

यंत्राचा आकार चाकाच्या व्यासावरून ओळखतात. शेतावरील व गावातील सर्वसाधारण कामास ४५० ते ६०० मि.मी. (१८ ते २४ इंच) व्यासाची चाके पुरेशी होतात. पात्याची जाडी चाकाच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहून जास्त नसावी, हा जुना व उपयुक्त ठोकताळा आहे. म्हणजे ६०० मि.मी. चाकाला ०.६ मि.मी. जाडीपर्यंतचे पाते चालेल. याहून जाड पाते मजबूत वाटते म्हणून काही जण मुद्दाम घेतात. ते चाकाभोवती प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते आणि दातांच्या मुळाशी लवकर तडकते.

पात्याची लांबी काढण्यासाठी चाकाचा व्यास ३.१४ ने गुणावा आणि त्यात दोन चाकांच्या मध्यांतील अंतराची दुप्पट मिळवावी. चाक ६०० मि.मी. आणि मध्यांतर १२०० मि.मी. असेल तर लांबी १८८४ अधिक २४००, म्हणजे सुमारे ४२८५ मि.मी. येते. वरचे चाक ताण देण्यासाठी वर-खाली सरकते, म्हणून हे अंतर मोजताना चाक त्याच्या सरकण्याच्या साधारण मध्यावर ठेवावे. अगदी वर किंवा अगदी खाली ठेवून माप घेतल्यास नवीन पाते चढत नाही किंवा त्याला ताणच बसत नाही.

वेगही तपासावा. मोटार मिनिटाला १४४० फेरे फिरत असेल, तिची पुली १०० मि.मी. व यंत्राची पुली ३०० मि.मी. असेल तर चाक ४८० फेरे फिरेल आणि पात्याचा वेग मिनिटाला सुमारे ९०० मीटर येईल. लाकडाच्या कामास ९०० ते १५०० मीटर वेग योग्य असतो. बाभळीसारख्या टणक लाकडाला यातील खालची बाजू बरी.

जागा व पाया

यंत्राच्या पुढे व मागे, चिरावयाच्या सर्वांत लांब वाशाएवढी मोकळी जागा हवी. कोबा मजबूत असावा. टेबलावर पाणसळ ठेवून यंत्र समपातळीत आणावे आणि मगच पायाचे बोल्ट आवळावेत. चार पायांपैकी एक अधांतरी असताना बोल्ट जोराने आवळला तर सांगाडाच पिळतो आणि पुढे चाके कितीही जुळवली तरी जुळत नाहीत. अधांतरी पायाखाली पत्र्याची चकती सरकवावी. लाकडी पाचर घालू नये, ती कंपनाने दबते.

मोटारीची फिरण्याची दिशा पाते चढविण्यापूर्वीच पाहून घ्यावी. थ्री-फेज जोडणीत दोन तारा उलटसुलट लागल्या की चाक उलट फिरते. आपण यंत्रासमोर उभे असता टेबलातून जाणारे पाते वरून खाली गेले पाहिजे आणि त्याचे दात आपल्याकडे व खाली वळलेले असले पाहिजेत. नवीन पात्याचे दात वर दिसत असतील तर ते चुकीचे पाठविलेले नसते. पाते आतून बाहेर उलटले की दात खाली होतात. हे करताना चामड्याचे हातमोजे व डोळ्यांवर चष्मा असावा, कारण गुंडाळलेले पाते स्प्रिंगसारखे उसळते.

मोटारीची पुली व यंत्राची पुली यांच्या कडांवर दोरा ताणून त्या एका रेषेत आणाव्यात. व्ही-बेल्ट बोटाने दाबला असता १० ते १२ मि.मी. दबावा. हे काम किरकोळ वाटते म्हणून मागे ठेवले जाते, पण वाकड्या बेल्टची थरथर थेट पात्यापर्यंत पोचते.

चाके एका पातळीत आणणे

आता मुख्य काम. यापुढील सर्व तपासणी फ्यूज काढून ठेवून, चाक हाताने फिरवून करावयाची आहे.

प्रथम पाते न चढविता प्रत्येक चाक फिरवून पाहावे. चाकाच्या कडेजवळ एक काडी स्थिर धरावी आणि चाक सावकाश फिरवावे. काडी व कड यांतील अंतर सर्व फेऱ्यात सारखे राहिले तर चाक डुलत नाही असे समजावे. अंतर कमी-जास्त होत असेल तर बेअरिंग सैल आहे किंवा चाक कण्यावर नीट बसलेले नाही. ते आधी दुरुस्त करून घ्यावे. डुलणाऱ्या चाकाला कोणतीही जुळवाजुळव उपयोगी पडत नाही. नंतर चाक तीन-चार वेळा हलके फिरवून आपोआप थांबू द्यावे. दर वेळी तोच भाग खाली येऊन थांबत असेल तर चाक त्या बाजूला जड आहे. अशा चाकाने यंत्र हादरते. विक्रेत्याकडून ते बदलून किंवा तोल साधून घेणे हा आपला हक्क आहे आणि तो हमीच्या मुदतीतच बजावावा.

त्यानंतर दोन्ही गाइड, म्हणजे टेबलाच्या वर व खाली पात्याला बाजूने व मागून आधार देणारे भाग, पूर्ण मागे सारून मोकळे करावेत. बहुतेक ठिकाणी नेमका येथेच घोटाळा होतो. गाइड पात्याला टेकलेले असतील तर ते पाते जबरदस्तीने जागेवर धरून ठेवतात आणि चाकांचा खरा दोष झाकला जातो. वाळवा तालुक्यातील एका गटाचे नवीन यंत्र पाहण्याचा प्रसंग आला तेव्हा पाते मागच्या गाइडवर एवढे घासत होते की त्या बेअरिंगच्या तोंडावर खोल चरा पडला होता. बसविणाऱ्याने पाते मागे जाते म्हणून गाइड पुढे दाबून ठेवला होता. गाइड मागे घेताच पाते दोन फेऱ्यांत चाकाच्या मागील कडेवर गेले. वरचे चाक खालच्यापेक्षा ४ मि.मी. मागे होते. गाडीतून येताना यंत्र आडवे ठेवले होते आणि वरच्या चाकाचा आधार सरकला होता. त्या गटाने तोवर सागाच्या बऱ्याच फळ्या वाया घालविल्या होत्या. पंधरा-वीस वर्षे वाढविलेल्या झाडाचे लाकूड असे जाते तेव्हा त्याची भरपाई कोणत्याही हमीपत्रात नसते.

गाइड मोकळे केल्यावर पाते चढवून त्याला कामाच्या वेळी लागतो तेवढा पूर्ण ताण द्यावा. सैल पात्यावर चाके जुळवून उपयोग नाही. ताण दिला की सांगाडा थोडा वाकतो आणि चाकांची जागा बदलते.

आता दोन्ही चाकांच्या कडांवर एकाच वेळी टेकेल एवढी लांब, दोन्ही टोकांना सारखी व सरळ पट्टी घ्यावी. लोखंडी चौरस नळी किंवा रंधा मारलेली सागाची रीप चालते. पट्टी सरळ आहे याची खात्री तिच्या कडेने जमिनीवर रेघ ओढून, पट्टी उलटून त्याच रेघेवर पुन्हा रेघ ओढून करावी. दोन्ही रेघा एक झाल्या तर पट्टी सरळ. टेबल आडवे येत असल्यास ते काढून ठेवावे, किंवा सारख्या जाडीचे चार ठोकळे कडांवर ठेवून त्यांवर पट्टी धरावी.

पट्टी खालच्या चाकाला दोन ठिकाणी आणि वरच्या चाकाला दोन ठिकाणी, अशी चारही ठिकाणी टेकली पाहिजे. येथे तीन प्रकार आढळतात. वरच्या चाकाला पट्टी फक्त एका ठिकाणी, वर किंवा खाली, टेकत असेल तर ते चाक कललेले आहे. त्याच्या मागील कल देणाऱ्या स्क्रूने ते सरळ करावे. पट्टी खालच्या चाकाला दोन्ही ठिकाणी टेकून वरच्या चाकापासून दोन्ही ठिकाणी सारखीच दूर राहत असेल, तर वरचे चाक तेवढे मागे आहे. उलट स्थितीत ते पुढे आलेले असते. हे अंतर फिलर गेजने, किंवा ते नसल्यास पत्र्याच्या तुकड्यांची चळत घालून मोजावे. १ मि.मी. पर्यंत फरक असेल व पाते नीट चालत असेल तर त्याच्या मागे लागू नये. त्याहून जास्त असल्यास चाक काढून कण्यावर त्याच्या मागे तेवढ्याच जाडीचा वायसर घालावा. ३ मि.मी. फरकाला ३ मि.मी. वायसर, एवढा साधा हिशेब आहे. वायसर घातल्यावर पुढील नटाला पुरेसे आटे शिल्लक राहतात हे पाहावे. आटे कमी पडत असतील तर दुसऱ्या चाकाच्या मागचा वायसर काढणे हा मार्ग राहतो. काही यंत्रांत खालच्या कण्याचे बेअरिंग चार बोल्टांनी पुढे-मागे व डावी-उजवीकडे सरकविता येते. तेथे वायसरची गरज नसते.

तिसरा प्रकार कमी आढळतो पण फार त्रास देतो. वरून पाहिले असता दोन कणे एकमेकांशी समांतर नसून पिळलेले असतात. पट्टी चाकांच्या मध्यावर बरोबर टेकते, परंतु तीच डाव्या कडेजवळ उभी धरली की एका चाकापासून पुढे व उजव्या कडेजवळ मागे, असा फरक दिसतो. खालच्या कण्याचे बोल्ट सैल करून तो बाजूने सरकविल्याशिवाय हा दोष जात नाही. सांगाडाच पिळलेला असेल तर पुन्हा पायाखालच्या चकत्यांकडे जावे.

पाते चाकाच्या मध्यावर चालविणे

लहान यंत्रांच्या चाकांवर रबरी पट्टा असतो आणि तो मध्यभागी किंचित फुगीर असतो. सपाट पट्टा फुगीर पुलीवर आपोआप उंच भागाकडे चढतो. पिठाच्या गिरणीत व मळणी यंत्रावर आपण हे पाहिले आहे. बँडसॉचे पाते याच गुणावर जागेवर राहते. चाके एका पातळीत असतील तर पाते स्वतःहून मध्याजवळ येते आणि स्क्रूचे काम फार थोडे उरते.

चाक हाताने आपल्या कामाच्या दिशेनेच फिरवावे. उलट फिरविल्यास पाते दुसरीकडे सरकते आणि आपण फसतो. वरच्या चाकाचा माथा मागे कलविला की पाते मागे सरकते, पुढे कलविला की पुढे. स्क्रू एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नये आणि प्रत्येक बदलानंतर चाकाचे निदान दहा फेरे हाताने फिरवून पाते स्थिर झाले का ते पाहावे. स्थिर झाल्यावर चेकनट आवळावा. मोठ्या वखारीतील सपाट चाकांच्या यंत्रावर दात चाकाच्या कडेबाहेर ठेवावे लागतात, नाही तर त्यांचा घोळ, म्हणजे एक दात डावीकडे व एक उजवीकडे असा दिलेला वाक, दबून जातो. ती रीत या लहान यंत्रांना लावू नये.

हाताने फिरविताना पाते स्थिर राहिले तरच फ्यूज घालावा, चाकांची दारे बंद करावीत आणि क्षणभर बटण देऊन लगेच बंद करावे. असे दोन-तीन वेळा करून मग यंत्र पूर्ण वेगाने चालवावे.

ताणाचा अंदाज यंत्रावरील काट्यावरून घेण्यापेक्षा हाताने घेणे अधिक भरवशाचे. यंत्र बंद असताना वरचा गाइड टेबलापासून १५० मि.मी. वर ठेवून पाते मध्यावर बोटाने बाजूला दाबावे. मध्यम जोराने ते ६ मि.मी. पेक्षा जास्त सरकू नये. काम संपल्यावर ताण उतरवून ठेवावा. रात्रभर ताणलेल्या पात्यामुळे रबरी पट्ट्यावर खळगा पडतो आणि दुसऱ्या दिवशी धडधड सुरू होते. ताण उतरविला असल्याची चिठ्ठी बटणावर लावावी म्हणजे सकाळी येणारा दुसरा माणूस तसेच यंत्र चालू करणार नाही.

गाइड सर्वांत शेवटी

गाइडचे काम पात्याला जागेवर आणण्याचे नसून लाकडाचा जोर आल्यावर त्याला सांभाळण्याचे आहे. बाजूचे गाइड दातांमधील खाचांच्या किंचित मागे असावेत. ते दातांना लागले तर एका मिनिटात घोळ नाहीसा होतो. पाते व गाइड यांत दोन्ही बाजूंना कागदाच्या जाडीएवढी, म्हणजे सुमारे ०.१ मि.मी. जागा ठेवावी. प्रत्यक्ष कागदाचा तुकडा घालून गाइड टेकवावा, आवळावा आणि कागद काढून घ्यावा. मागील आधार पात्यापासून अर्धा मि.मी. दूर असावा. यंत्र रिकामे फिरताना तो फिरू नये, लाकूड लागताच फिरावा. वरचा गाइड जुळविल्यावर तो पूर्ण खाली व पूर्ण वर नेऊन पाहावे. दोन्ही ठिकाणी अंतर सारखे राहिले नाही तर त्याचा दांडा ओळंब्यात नाही. काम करताना वरचा गाइड लाकडाच्या ५ ते ६ मि.मी. वर आणून ठेवावा. हा नियम रोज मोडला जातो, कारण प्रत्येक वेळी खाली-वर करण्याचा कंटाळा येतो. परंतु जेवढे पाते उघडे तेवढे ते डोलते, आणि बोटे जाण्यास जागाही तेवढीच मोठी होते.

टेबल पात्याशी काटकोनात आहे का हे गुण्या लावून पाहावे. गुण्या दातांवर न टेकता पात्याच्या सपाट भागावर टेकवावा. पक्की खात्री करावयाची तर ७५ मि.मी. चौरस ठोकळा आडवा कापावा. दोन्ही तुकडे टेबलावर ठेवावेत, एक तुकडा उलटा करावा म्हणजे वरची बाजू खाली जाईल, आणि कापलेली तोंडे एकमेकांना भिडवावीत. काटकोन बरोबर असेल तर फट दिसणार नाही. फट दिसली तर ती खऱ्या चुकीच्या दुप्पट असते. १ मि.मी. फट म्हणजे ७५ मि.मी. उंचीत अर्धा मि.मी. चूक.

एवढ्या बारकाव्याची गरज काय, असे वाशे व दांडे चिरणारा विचारील. त्याचे म्हणणे रास्त आहे. गोठ्याच्या वाशाला अर्धा मि.मी. कोणी मोजत नाही. मधपेटीला मात्र मोजावा लागतो. सातेरी मधमाशीला चौकट व पेटीची भिंत यांमध्ये ७ ते ८ मि.मी. मोकळी वाट लागते. ती अरुंद झाली तर माश्या ये-जा करू शकत नाहीत व चौकट उचलताना चिरडतात. रुंद झाली तर त्या जागेत जादा पोळे बांधून चौकटी एकमेकींना जोडून टाकतात. भिंतीच्या चार फळ्या प्रत्येकी १ मि.मी. ने वाकड्या निघाल्या की पेटी चौरस राहत नाही आणि एका पेटीची चौकट दुसरीत बसत नाही. महाबळेश्वर येथे राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आहे, आणि त्याच तालुक्यातील मांघर हे २०२२ मध्ये मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. त्या भागात पेट्या तयार करून देण्याचे काम ज्यांना करावयाचे आहे त्यांनी तेथील प्रमाणित पेटी समोर ठेवूनच मापे घ्यावीत. कुळवाचे दिंड किंवा पाभरीचे लाकूड पिळलेले निघाले तर फण एका ओळीत बसत नाहीत व दोन ओळींतील अंतर चुकते. ते नंतर कोळपणीच्या वेळी कळते.

काप एका बाजूला ओढत असल्यास

सर्व जुळवूनही काही पाती लाकडात किंचित तिरकी चालतात. फळीवर कडेला समांतर रेघ ओढावी आणि फेन्स न लावता, हाताने धरून रेघेवरून अर्ध्यापर्यंत कापावे. यंत्र बंद करून फळी तशीच धरून ठेवावी व तिच्या कडेने टेबलावर पेन्सिलीने रेघ मारावी. फेन्स, म्हणजे फळी टेकवून चालविण्याची टेबलावरील पट्टी, त्या रेघेशी समांतर लावली की काप सरळ येतो.

मात्र हा कोन मोठा वाटला, किंवा काल सरळ चालणारे पाते आज ओढू लागले, तर फेन्स हलवू नये. आधी दात पाहावेत. कुंपणाच्या जुन्या बाभळीत तारेचा तुकडा किंवा खिळा असतो. पाते त्याला घासून गेले की एका बाजूचे दात बोथट होतात आणि पाते धार शिल्लक असलेल्या बाजूला ओढू लागते. नदीकाठच्या व रस्त्याकडेच्या झाडांच्या सालीत माती-वाळू अडकलेली असते. साल काढून, ओंडका झाडून घेतला तर पात्याची धार बरीच जास्त टिकते. दातांची संख्याही लाकडाच्या जाडीशी जुळती असावी. २५ मि.मी. फळीला इंचाला ६ दात ठीक, पण १५० मि.मी. ओंडक्याला इंचाला २ ते ३ दातच हवेत. बारीक दातांच्या खाचा भुशाने भरतात, पाते तापते आणि कापाला मध्ये पोट येते. ताण कमी असला किंवा लाकूड जोराने ढकलले तरी असेच पोट येते.

धडधड आवाज येत असेल तर तो चाकाचा आहे की पात्याचा हे ओळखावे. वरील उदाहरणातील पाते चाकाच्या सुमारे सव्वादोन फेऱ्यांत एक वेढा पुरा करते. चाक हाताने फिरवून, धक्का बसतो तेव्हा पात्याचा सांधा गाइडजवळ आहे का ते पाहावे. दर वेळी सांधाच येत असेल तर तो नीट घासलेला नाही किंवा सांधताना पाते वाकडे जोडले गेले आहे. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला धक्का बसत असेल तर रबरी पट्ट्यावर भुसा व डिंक साचला आहे. तो लाकडी पट्टीने खरवडून काढावा, लोखंडाने नको. पावसाळ्यात पाटण, शिराळा, महाबळेश्वरकडे ओला भुसा चाकावर थापला जातो आणि दर आठवड्याला साफ करावा लागतो. जत, आटपाडीकडे हा त्रास नाही. तेथे धूळ बेअरिंगमध्ये जाते.

निलगिरीच्या बाबतीत यंत्राला उगाच दोष देऊ नये. या झाडाच्या खोडात वाढीच्या वेळचा ताण साठलेला असतो. एका बाजूने फळी काढली की फळी व उरलेला ओंडका दोन्ही वाकतात, आणि काप मागे मिटून पात्याला चिमटा बसतो. यासाठी एकाच बाजूने फळ्या काढीत न जाता एक फळी या बाजूची, एक समोरच्या बाजूची, असे ओंडका फिरवून चिरावे. कापामागे लाकडी पाचर ठेवावी. ओल्या निलगिरीची फळी मापाहून थोडी जाड चिरून, मध्ये रिपा घालून सावलीत वजनाखाली सुकवावी.

काम करताना

पात्याजवळ बोटे नेण्याऐवजी लाकडी ढकलकाठी वापरावी. यंत्र चालू असताना हातमोजे, उपरणे, सैल बाह्या, लोंबता पदर नको. गोल ओंडका टेबलावर तसाच ठेवून कापू नये. तो पात्याबरोबर गरकन फिरतो व हात ओढून नेतो. ओंडका खाच केलेल्या लाकडी घोडीवर पक्का बसवावा. अर्ध्या कापातून लाकूड मागे ओढावयाचे असल्यास आधी यंत्र बंद करून चाक पूर्ण थांबू द्यावे, कारण चालू पाते लाकडाबरोबर पुढे येऊन चाकावरून उतरते. पाते तुटल्याचा आवाज आला तर दार लगेच उघडू नये. बटण बंद केल्यावरही चाके बराच वेळ फिरत राहतात.

नवीन यंत्राचे बोल्ट पहिल्या आठवड्यात कंपनाने सैल होतात. आठ दिवसांनी व पुन्हा महिन्याने सर्व बोल्ट आवळून पट्टीची तपासणी एकदा करावी. रबरी पट्टेही या काळात थोडे बसतात, त्यामुळे पाते १-२ मि.मी. सरकल्यास कल देणारा स्क्रू किंचित फिरवावा. टेबल व पाते यांवर पावसाळ्यापूर्वी तेलाचा हात फिरवावा, पण रबरी पट्ट्याला तेल लागू देऊ नये. पाती दोन-तीन संच ठेवावीत आणि बोथट झालेले पाते वेळीच उतरवून धार लावण्यास द्यावे. धार लावताना प्रत्येक दाताला कानशीचे सारखेच हात मारावेत व घोळ दोन्ही बाजूंना सारखा द्यावा. एका बाजूला जास्त घोळ पडला तर नुकतेच जुळविलेले यंत्र पुन्हा त्या बाजूला ओढू लागेल.